हयगयीचा नंबर

हॉस्पिटलाच्या तळघरात, लिफ्टच्या मशीनला लागून रेकॉर्ड रूम आहे. तिथे वहिनी बसतात. कोणाच्या वहिनी, असं विचाराल तर अख्ख्या हॉस्पिटलाच्या. त्यांचे यजमान एक्स-रे विभागात होते आणि हे नाव त्यांच्या दोस्तांनी पाडलं. यजमान निवृत्त होऊन घरी बसले, नाव मात्र कामावर राहिलं.

पेशंट घरी गेला की त्याची फाइल खाली येते. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून वहिनी प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड लावतात. कोडांच्या पुस्तकात काय नाही! शिडीवरून पडलात तर एक नंबर, खुर्चीवरून पडलात तर दुसरा. टाका उसवला तर वेगळा, टाक्यात पू झाला तर त्याहून वेगळा. शिवाय फॉर्मवर एक चौकोन असतो: पेशंट हे दुखणं येतानाच घेऊन आला, की इथे राहून लागलं? खालच्या खोलीत त्याला ‘माहेरचं की सासरचं’ म्हणतात. हेही वहिनींचंच. त्यांच्या जिभेला हाड नाही, पण पेनाला आहे. डॉक्टरांनी न लिहिलेलं एक अक्षरही वीस वर्षांत त्यांनी कोडात घातलेलं नाही.

त्या सोमवारी खिडकीशी एक बाई आली. तिचा नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. हर्नियाचं ऑपरेशन होऊन चौथ्या दिवशी घरी गेला, आणि आठवडा व्हायच्या आत टाक्यांत पू होऊन, तापाने फणफणत परत आला. आता वरच्या वॉर्डात होता, उतार पडत होता.

“कागद हवेत का?” वहिनींनी विचारलं.

“नको. त्यात माझं काही लिहिलंय का, तेवढं सांगा.”

“तुमचं काय असणार?”

“घरी पट्टी मीच बदलत होते ना. सासूबाई म्हणतात, तुझ्याच हातानं झालं. भेटायला येईल त्याला सांगतात. आता मला ह्यांच्या जवळसुद्धा बसू देत नाहीत, नणंद बसते.”

तिचे हात धुऊन धुऊन सोलवटले होते, पेरांना भेगा पडल्या होत्या. वहिनींनी ते पाहिलं. फाइल अजून खाली आलेली नाही असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

ड्रायव्हर बुधवारी घरी गेला, गुरुवारी फाइल आली. शेवटी सर्जननी लिहिलं होतं: ‘टाक्यांत पू. घरी ड्रेसिंगमध्ये हयगय.’ वहिनींनी पेन खाली ठेवलं. कारण हयगयीलाही नंबर आहे. पेशंटने केली तर एक, सांभाळणाऱ्याने केली तर दुसरा. एकदा लागला की पुढचा प्रत्येक डॉक्टर वाचणार, या माणसाची बायको बेफिकीर आहे.

“सरळ तर आहे,” शेजारच्या टेबलावरची म्हणाली. “पू घरूनच घेऊन आला. माहेरचं. लावा आणि जेवायला चला.”

पण मागची फाइल उपसल्याशिवाय वहिनींच्या घशाखाली घास उतरत नाही. पहिल्या वेळी घरी पाठवलं त्या सकाळची नर्सची नोंद होती: ताप शंभरच्या वर. पट्टी ओली, पिवळट स्राव, कडा लाल. डॉक्टरांना कळवले. आणि त्याखाली, दुपारी बारा वाजता: पेशंट घरी.

“माहेरचं कसलं डोंबलाचं!” वहिनी म्हणाल्या. “सासरीच लागलं, आणि निघताना गाठोड्यात बांधून दिलं.”

मात्र नर्सच्या नोंदीवरून कोड लावता येत नाही. रोगाचं निदान डॉक्टरांनीच लिहायचं. वहिनी फक्त विचारू शकतात, आणि तेही असं की प्रश्नाच्या तोंडात उत्तर कोंबलेलं नको. त्यांनी नोंद जोडून सर्जनना विचारलं: ‘संसर्ग केव्हा आणि कशामुळे सुरू झाला, याबद्दल आपलं मत कळवावं.’ संध्याकाळी उत्तर आलं: ‘लिहिलंय तसंच.’

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतःच वर गेल्या. सर्जन माणूस वाईट नव्हे. वहिनींच्या यजमानांचं पित्ताशय त्यांनीच काढलेलं, आणि तेव्हा दोन रात्री स्वतः येऊन बघून गेलेले. ऑपरेशन थिएटरबाहेर उभ्या उभ्या ते बिस्किट खात होते.

“वहिनी, उत्तर दिलंय ना मी.”

“मिळालं, साहेब. पण ही नोंद वाचलीत का?”

त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. “त्या दिवशी सात ऑपरेशनं होती हो,” ते हळूच म्हणाले.

वहिनींकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, त्या बाईचे हात डोळ्यांपुढून हलत नव्हते. पण सर्जननी जे लिहायचं ते त्यांचं त्यांनाच सुचायला हवं होतं. वहिनी इतका वेळ गप्प राहिल्या हे खाली कोणाला पटलं नसतं. शेवटी सर्जननी पेन मागितलं. जुनी ओळ एका रेघेनं खोडली, सही आणि तारीख टाकली, आणि लिहिलं: ‘ऑपरेशनच्या जखमेत जंतुसंसर्ग. सुरुवात घरी पाठवण्यापूर्वी. घरच्या ड्रेसिंगचा संबंध नाही.’

“आता चौकशी लागणार माझ्यामागे.”

“लागेल, साहेब,” वहिनी म्हणाल्या. त्यांना सर्जनचं वाईट वाटलं, आणि त्यांच्याविषयीचा आदरही वाढला.

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर जखम दाखवायला आला. त्याच्या सहीचा अर्ज घेऊन बायको खिडकीशी आली, वहिनींनी कागदांची नक्कल दिली. ती एकेका ओळीखालून बोट फिरवू लागली.

“हा टी एक्याऐंशी म्हणजे?”

“ऑपरेशनच्या जखमेत झालेला संसर्ग.”

“आणि माझा नंबर कुठला?”

“तुम्हाला नंबरच नाही, बाई. वरती डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचा.”

तिनं ओठ हलवत वाचलं. मग परत पहिल्यापासून. वहिनींना वाटलं, आता हिला रडू कोसळणार, म्हणून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. पण ती बसली नाही. कागद तिनं खिडकीतून परत आत सारला.

“हे एवढं मोठ्या अक्षरात लिहून द्याल? सासूबाईंना बारीक दिसत नाही.”

वहिनींनी खोक्यांवर नंबर टाकायचा जाड मार्कर घेतला, कोरा कागद घेतला, आणि डॉक्टरांचं वाक्य शब्दाला शब्द उतरवलं. फक्त ‘संबंध नाही’ या दोन शब्दांना त्यांनी खालचं अर्धं पान दिलं.