झडपेखालचा पडदा

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ती बाजारात वाटायचे आणि मी आणि थोरली बहीण, अक्का, घड्या घालायचो. पुढे मी स्वतः लिहू लागलो, मोर्चांत भाषणं करू लागलो. भीती दाखवून ऑपरेशन करायला लावणाऱ्यांवर मी एक पत्रक काढलं होतं. घाईत सही करू नका, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. ते अक्काला तोंडपाठ होतं.

अक्का सोनगीरला दिलेली. भाऊजी सुरतेला कामाला. दोन वर्षं तिला धाप लागत होती आणि गावचा डॉक्टर अशक्तपणा म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या देत होता. एक दिवस कापूस वेचता वेचता ती ओळीतच कोसळली. मी तिला धुळ्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी इको करून कागदावर चित्र काढलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथल्या झडपेखाली एक पातळ पडदा होता. मधल्या लहानशा वाटेतून हृदयाला सगळं रक्त रेटावं लागत होतं. त्या झोताने झडपही बिघडू लागली होती. गोळीने हे जात नाही, छाती उघडून पडदा काढावा लागेल, लवकर, असं ते म्हणाले. उशीर झाला तर काय, हे मी विचारलं. त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

अक्का शांतपणे उठली. मला म्हणाली, "तुन्हाच कागदवर लिखेल शे ना, घाई करस त्याना भरोसा नही."

मी सगळे रिपोर्ट घेऊन जळगावला गेलो. ज्यांना या ऑपरेशनमधून काहीच मिळणार नव्हतं अशा एका म्हाताऱ्या डॉक्टरांना गाठलं. हे खोटं आहे असं त्यांनी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचले. धुळ्याचं बरोबर आहे म्हणाले. वर सांगितलं, तिला ओझं उचलू देऊ नका.

जिन्यात मला माझंच पत्रक आठवलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं तर काय करायचं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. ही भीती मला कुणी दाखवलेली नव्हती.

सोनगीरला पोचलो तर अक्का डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून येत होती. ओरडत धावलो आणि भारा ओढून घेतला.

"आते वावरमा बी भाषण का?" ती धापा टाकत हसली.

मी जळगावचं सगळं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुले भ्याव वाटस का?"

पोलिसांच्या गाडीत बसतानाही या प्रश्नाला मी कधी हो म्हटलं नव्हतं.

"हा, अक्का. भलता भ्याव वाटस."

"मंग खरं शे," ती म्हणाली आणि बांधावर बसली. मग विचारलं, ती दवाखान्यात असेल तेव्हा म्हशीचं दूध कोण काढेल. मी काढेन म्हणालो. मला ते येत नाही, हे तिला माहीत होतं. ती मला आचळ कसं धरायचं ते हवेत बोटांनी दाखवू लागली.