सगळ्यांच्या तोंडी बाप्पाबाई

बाप्पाबाई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे कधीच पाहत नसे. ती ओठांकडे पाहायची. पहिल्यांदा भेटलेला माणूस हमखास रुमाल काढून तोंड पुसायचा. मिशीवर वरणाचा थेंब राहिला असेल, असं त्याला वाटे. माझ्या स्टुडिओशेजारचा पानठेलेवाला तर तिच्याशी तोंडावर हात धरूनच बोलायचा. "भैया, ये बाई बातें चुरा लेती है," असं त्याचं म्हणणं. खरं तर बाईचं काम नेमकं उलटं होतं. ती दुसऱ्यांच्या तोंडात बोलणं भरायची, आणि तेही माझ्याच स्टुडिओत.

तिचं खरं नाव शकुंतला. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका गावात ती अंगणवाडी सेविका होती. माझा गोंदियात लग्नांच्या शूटिंगचा धंदा. एका लग्नाच्या कॅसेटमध्ये आवाजच उतरला नाही, तेव्हा नवरीची मावशी म्हणून ही माझ्याशी भांडायला आली. मी मुकी कॅसेट लावून म्हटलं, "बघा, चित्र तर स्वच्छ आहे ना?" बाई भांडण विसरून टीव्हीपुढे बसली आणि एकेकाचे ओठ पाहून सगळ्यांची बोलणी म्हणायला लागली, तीही ज्याच्या त्याच्या आवाजात. नवरदेवाचा काका म्हणत होता, "भाजीत मीठच नाई." करवली विचारत होती, "माही चप्पल कोनं नेली?" पुढे वरमाय व्याह्यांकडे पाहून हळूच काहीतरी बोलली, तिथे मात्र बाई थांबली. "हे नाई सांगत भाऊ," ती म्हणाली. "लगन टिकू द्या."

त्या वर्षांत आमच्याकडे झाडीबोलीतल्या, म्हणजे इथल्या पूर्व विदर्भाच्या बोलीतल्या, विनोदी सीडींचं पेव फुटलं होतं. लग्नाच्याच कॅमेऱ्यावर पिक्चर काढायचं आणि आठवडी बाजारात, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत विकायचं. शूटिंग शेतात नाही तर रस्त्यावर, त्यामुळे आवाजात वारा, ट्रॅक्टर आणि बघ्यांचं हसू. म्हणून सगळं बोलणं नंतर माझ्या मागच्या खोलीत पुन्हा भरावं लागे. पडद्यावरचे ओठ हलतील तसं माईकसमोर बोलायचं. भिंतींना बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेल्या गाद्या टांगलेल्या, पंखा बंद, आणि रेल्वेची शिटी ऐकू आली की काम थांबवायचं. मे महिन्यात त्या खोलीतून भले भले नट पळून गेले. बाप्पाबाई टिकली. ती पदराने घाम पुसत पुसत नायिकेचं, तिच्या आईचं, सासूचं, शाळकरी पोराचं आणि गरज पडली तर शेळीचंही बोलायची. सुनेचं बोलताना बांगड्या काढून ठेवायची, कारण त्या माईकमध्ये वाजत. सासूची पाळी आली की परत घालायची. "सासूच्या बांगड्या वाजाले पायजे," म्हणायची.

बाप्पाबाई हे नाव तिला त्याच खोलीत पडलं. त्याचं असं होतं की आवाज भरताना सगळी गोम ओठ मिटण्यात असते. पडद्यावर ओठ मिटले की शब्दात प, ब नाही तर म यायलाच हवा, नाहीतर लहान पोरालाही फसवणूक कळते. आमचे नट लिहून दिलेलं कधीच जसंच्या तसं बोलत नसत. मग भलत्याच ठिकाणी ओठ मिटले की बाई तिथे 'बाप्पा' बसवून द्यायची. आमच्याकडे हा शब्द सुखात, दुःखात, कंटाळ्यात कुठेही चालतो. तोंड जास्तच वेळ हललं तर ती 'जातो' काढून 'जाऊन राहिलो ना बाप्पा' करायची. संवाद लिहिणारे गुरुजी भारी चिडत. "मी कुठेही बाप्पा लिहिलेला नाही!" त्यावर बाई शांतपणे म्हणायची, "तुमी नाई लिवला गुरुजी, पन त्यानं तोंड मिटलं ना. मिटल्या तोंडातून 'तर' कसा निंगन?"

एकदा पुण्याहून एक गृहस्थ आमचं काम बघायला आले. दिवसभर बाप्पा ऐकून ते भारावून गेले आणि जाताना बाईंना नमस्कार करून म्हणाले, "गणपतीवर फार श्रद्धा दिसते तुमची." बाईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या ओठांकडे. "मी बौद्ध आहो साहेब," ती म्हणाली. "हा बाप्पा वेगळा. हा तोंडात बसते, मखरात नाई."

तिची खरी कमाल मी पाहिली ती आमच्या एका नायकामुळे. या गड्याला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याशिवाय करमत नसे. शूटिंगलाही खर्रा गालात धरून यायचा. आईच्या मरणाच्या प्रसंगात त्याने नुसतं सुन्न होऊन उभं राहायचं होतं; तो उभा होता, पण जबडा चालूच. पुन्हा शूटिंग करणं परवडणारं नव्हतं. मी आणि गुरुजी कपाळाला हात लावून बसलो. बाईने ते दृश्य परत परत लावायला सांगितलं आणि नायकाचा आवाज देणाऱ्याला म्हणाली, "त्याचे ओठ मिटले का तू हरू हरू 'माय' म्हन. बाकी काई नको." झालं, त्या चघळण्यातून पोरगा आईच्या नावाने पुटपुटायला लागला. गोरेगावच्या बाजारात सीडीवाल्याच्या टीव्हीपुढे बाया डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. खर्रा नायकाचा, रडू बाजाराचं, असला प्रकार मी पुन्हा पाहिला नाही.

बाईची म्हातारी माय बोदलकशाजवळच्या गावी राहायची, भावाच्या घरी. म्हातारीला दिसायचं अगदी अंधूक, कान मात्र तिखट. नवी सीडी निघाली की बाई पहिल्यांदा तिथे घेऊन जायची. शेजारच्या बाया जमायच्या. पडद्यावर कुणीही बाई बोलली की म्हातारी खूश होऊन म्हणायची, "हे माही शकुन!" बाया हसून लोळायच्या. "अवो काकी, ते त गोरीपान पोट्टी आहे, जीन घालून आहे." म्हातारीचं उत्तर ठरलेलं: "घालू दे. माहीच आहे." नायिका तिची शकुन, सासू तिची शकुन, शेळी ओरडली तर तीही शकुन. म्हातारीला भ्रम झाला, असंच गावाने ठरवून टाकलं.

हे बाईला लागायचं. सगळ्यांना हसवणारी ही बाई एकदा माझ्यासमोर डोळे भरून बोलली. "भाऊ, माय खरं बोलते अन् लोकं तिले येडी म्हनतेत. एकडाव माहं तोंड दिसू द्या पडद्यावर. मंग तिले कोनी हासनार नाई." पुढच्या पिक्चरमध्ये मी तिला शेजारणीची भूमिका दिली. शूटिंगही मुद्दाम बोदलकशाच्या तलावाकाठी ठेवलं. बाई अशी झकास बोलली की बघे हसायचं विसरले.

आणि मग खोलीत माईकसमोर उभी राहिली, तर तिला शब्दच फुटेना! पडद्यावर स्वतःचे ओठ हलले की बाई गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा गप्प. "अवो बाई, बोला ना," मी म्हटलं. ती ओशाळून म्हणाली, "का करू भाऊ? ते बाई इतली चांगली बोलून राहिली का मी ऐकतच राहून जातो." दोन दुपारी अशाच गेल्या. मंडई तोंडावर आलेली; पैसे लावणारा शेटजी रोज दारात. "और टाइम नहीं है," असं त्याने निक्षून सांगितलं. शेवटी माझी बायको मंदा माईकसमोर उभी राहिली. बाई मागे उभी राहून तिच्या खांद्यावर हात ठेवायची आणि पडद्यावर ओठ मिटले की तो खांदा बोटांनी दाबायची. आवाज छान बसला. इतका की कुणाला शंका येऊ नये.

ती सीडी घेऊन मी आणि बाई तिच्या मायकडे गेलो. बाया जमल्या. शेजारीण पडद्यावर आली आणि एकच गलका झाला, "अवो, हे त खरंच शकुनबाई!" ज्या हसायच्या, त्याच म्हातारीला हलवून सांगायला लागल्या, "काकी, तुमी खरं बोलत होत्या वो!" म्हातारीने कान टीव्हीकडे केला, जरा वेळ ऐकलं आणि मान हलवली. "नाई. हे माही पोरगी नोहोय." बाईचा चेहरा पडला. मग तिला असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबावा लागला. "घ्या भाऊ! आता गाव मानते, त माय नाई मानत!" बस येईपर्यंत ती हसत होती. बस दिसल्यावर म्हणाली, "पुढच्या पिक्चरले मीच बोलन. ऐकत नाई बसनार."

पुढचं पिक्चर झालं नाही. मोबाईल आले, सीडीचा धंदा बसला, खोलीतल्या गाद्या बिछायतवाल्याकडे परत गेल्या. बाईने एका पावसाळ्यात साधा ताप म्हणून दुखणं अंगावर काढलं आणि ती गेली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

मी आणि मंदा तिच्या मायला भेटायला गेलो. बाईचा चेहरा असलेली ती एकच सीडी होती, म्हणून तीच सोबत घेतली. बाईच्या भाच्याने ती लावली. पडद्यावर बाप्पाबाई आली आणि मंदाच्या आवाजात बोलू लागली. मंदाने मान खाली घातली.

"हे कोनाची बाई आहे?" म्हातारी म्हणाली. "बंद कर ते. माही लाव."

भाच्याने जुन्यातली एक लावली. कुणी अनोळखी पोरगी कुणा अनोळखी सासूशी कडाकडा भांडत होती. म्हातारी सरकत सरकत टीव्हीजवळ गेली आणि काचेवर तळवा टेकवून बसली.

"पाह्य, कसी बोलून राहिली," ती म्हणाली. "जेवली का नाई, कोन जाने."

दारात शेजारच्या बाया उभ्या होत्या. त्यांच्यातली एक आत आली आणि तिने आवाज थोडा वाढवला.