नाव नसलेला गुडघा

काल व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने मला एका गुडघ्याचा एक्स-रे दाखवला. बाजूला सरकलेली वाटी मी लगेच ओळखली.

"अरे, हा माझाच की!"

"हो आई, माझ्या शोधनिबंधातला. नाव छापत नाहीत, नुसतं 'वृद्ध स्त्री' म्हणतात. जगभरचे हाडांचे डॉक्टर याचा दाखला देतात, ब्राझीलमधलेसुद्धा!"

"आणि ती वृद्ध स्त्री चालते कशी, ते विचारतात का?"

"तू पण ना, आई!" हसत त्याने दाखल्यांचा आलेख उघडला.

बाळांनो, माझा गुडघा परदेश हिंडतो आहे. मी मात्र कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाणंही सोडलं आहे. विद्वानांना एकमेकांचं लिहिणं किती नेमकं आठवतं! ज्याच्याविषयी लिहिलं, तो माणूस मात्र निबंध छापून आला की त्यांच्या लेखी संपतो.

पेशंटला आधी चालायला लावायचं, मग एक्स-रे बघायचा, असं तुमचा बाबाच डॉक्टरकी शिकत असताना मला सांगायचा. म्हणून काल बोलता बोलता मी मुद्दाम उठले आणि त्याच्यासमोरून भिंत धरत पाणी आणायला गेले. परत आले, तेव्हा तो आलेखाची वर चढणारी रेघ समजावून सांगत होता.