कूलरवरचं काळं फडकं

माझ्या धाकट्या भावाचा, भानूचा दहावा झाल्यावर मी त्याची शेड उघडली. जळक्या गिअर-तेलाचा वास आला, आणि त्याची पन्नास वर्षांपूर्वीची ती सकाळ समोर उभी राहिली.

लष्कराच्या लिलावातला आमचा जुना पिकअप करंजी घाटात तापायचा, गिअरबॉक्सचं तेल उकळायचं. भानूने भंगारातला छोटा रेडिएटर आणि पंप आणला, तांब्याच्या नळ्या जोडल्या आणि तेल गार करणारा कूलर पुढच्या जाळीवर बसवला. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, अर्धं गाव बोलावलं. "पोराचा हात बघा!" मी बी.एस्सी. होऊन शाळेत शिकवत होतो. माझं काही दाखवायला अण्णांनी कधी कुणाला बोलावलं नव्हतं.

निघताना भानू स्टिअरिंगवर बसलेला असताना आईने दृष्ट लागू नये म्हणून कूलरवर काळं फडकं घट्ट गुंडाळलं. वारा अडला तर तेल गार होणार नाही, हे मला तिथेच कळलं. मी मुकाट भानूच्या शेजारी बसलो, अण्णा मागे चढले.

अर्ध्या घाटात धूर निघाला. "लई शहाना झाला! लावली ना गाडीची वाट?" अण्णा त्याच्यावर कडाडले. मला बरं वाटलं.

भानूने उतरून फडकं सोडलं, खिशात कोंबलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आईला सांगू नको दादा, लई वाईट वाटंल तिला. तुला तरी कसं कळनार म्हना."

त्याला खरं सांगायला माझ्याकडे पन्नास वर्षं होती.