मावशीचं खोलीशी नातं

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीपासून माझं ऑफिस चालत दहा मिनिटांवर. तिथे मी जावामध्ये मायक्रोसर्व्हिसेस लिहिते, म्हणजे एकमेकांना विचारून चालणारे छोटे छोटे प्रोग्राम. दोनेक वर्षांपूर्वी पुनर्विकासाला निघालेल्या चाळींचं काम आलं. खोलीवर हक्क कुणाचा, ते तपासायचं. आम्ही ग्राफ डेटाबेस घेतला. त्यात माणसं आणि खोल्या म्हणजे ठिपके, नाती म्हणजे रेघा. मूळ भाडेकरूपासून आजच्या रहिवाशापर्यंत रेघारेघांनी पोचता आलं, तर तो नव्या घराला पात्र. ती वाट शोधणारी सर्व्हिस माझी. कुठली नाती धरायची, हे दुसऱ्या टीमकडे. काम मला फार आवडलं होतं.

मग यादीत आमचीच चाळ आली. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कोड सगळ्यांना सारखाच.

आमच्या शेजारी मावशी राहायची. सगळ्या मजल्याची मावशी, सख्खी तिथल्या कुणाचीच नाही. पूर्वी ती गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. गिरणी बंद पडल्यावर ती राहायची त्या खोलीचा मूळ भाडेकरू गावी गेला तो परतलाच नाही. मागे राहिलेल्या त्याच्या आईचं सगळं मावशीने अकरा वर्षं केलं. म्हातारी गेली, मावशी तिथेच राहिली.

माझ्या सर्व्हिसचं उत्तर आलं: वाट सापडली नाही.

मी दुसऱ्या टीमच्या बाईंना विचारलं, ‘सांभाळ केला’ असं एक नातं घालता येईल का? त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, नाती फॉर्मवरून येतात, फॉर्म बिल्डरचा. बिल्डरच्या माणसाने चाळीच्या कमिटीकडे बोट दाखवलं. कमिटीवाले म्हणाले, आता सगळं तुमचा कॉम्प्युटरच ठरवतो ना.

टेस्टच्या डेटात मी ती रेघ घालून पाहिली. मावशी लगेच पात्र ठरली. मग मी ती रेघ पुसून टाकली. खऱ्या डेटात कागदाशिवाय रेघ जात नव्हती, आणि मावशीकडे कागद नव्हता.

यादी फळ्यावर लागायच्या आधी मीच तिला सांगायला गेले. ती दारात बसून कोलंबी सोलत होती. मी ठिपके, रेघा, सगळं समजावलं. तिने हातातली कोलंबी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाली, “अकरा वर्सां म्हातारेचा केलंय मी. ता खंय लिवतत गो?”

“कुठेच नाही, मावशी.”

“मगे तू तरी काय करतलंस.” आणि तिने वाटीभर कोलंबी माझ्या आईसाठी दिली.

तिने यादीवर हरकतीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. नवी इमारत होईपर्यंत आम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलो, ती नालासोपाऱ्याला भाचीकडे. ती सर्व्हिस अजून चालते, इतर चाळींसाठी. मी मावशीला अधूनमधून फोन करते. खोलीचा विषय ती काढत नाही. मागच्या वेळी तिने विचारलं, तुझा काम बरा चल्लाहा मां? मी हो म्हटलं.