पंचांसमोर उघडलेलं महाळुंग

मंडईत महाळुंग दिसलं, की ती घटना आजही आठवते आणि मला एकट्यालाच हसू फुटतं. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी खबर आली, की ठाण्याजवळच्या गल्लीतल्या ज्यू आजोबांकडे परदेशातून पाहुणा उतरलाय आणि एक डबी मांडीवरून खाली ठेवत नाही. खबऱ्याचा संशय हिऱ्यांवर होता.

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही गेलो. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. पाहुणा त्यांचा थोरला भाऊ. तरुणपणी इस्रायलला गेलेला तो आता पहिल्यांदाच परतला होता. पंचांसमोर डबी उघडली, तर कापसात लिंबाच्या जातीचं एक महाळुंग! दुसऱ्या दिवशी त्यांचा मांडवांचा सण होता. त्यात हे फळ हातात धरून प्रार्थना करतात, आणि दोघा भावांना ती एकत्र करायची होती.

मी निघणारच होतो, पण खात्री म्हणून कृषी अधिकाऱ्यांना फोन केला. ते तडक आले. परदेशातलं ताजं फळ तपासणीच्या दाखल्याशिवाय आणता येत नाही, त्यातून कीड आली तर आपल्या लिंबाच्या बागा जातील, असं त्यांनी बजावलं. चौकशीत पाहुण्यानं कबूल केलं, की विमानतळावर डबी दाखवलीच नव्हती. त्याचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं. चिडले ते आजोबाच.

"दादा, लपवून आणलेलं फळ घेऊन देवापुढं कसं उभं राहायचं? साहेब, जाळा ते."

पंचनामा करून फळ जाळलं. अधिकाऱ्यांनी पाहुण्याला समज देऊन सोडलं. पण सण तोंडावर आला होता.

तेव्हा माझ्या हवालदाराला आठवलं, कागलला त्याच्या सासुरवाडीच्या परड्यात महाळुंगाचं झाड होतं. आजोबांनी बजावून सांगितलं, की झाड कलमी नको, सालीवर डाग नको आणि फळाच्या टोकाचा तुरा मोडलेला नको. हवालदारानं मोटारसायकल काढली. सासूबाईंनी देवाचं फळ म्हणून ते घासूनपुसून, तुरा खुडून, वर हळदकुंकू लावून दिलं. ते पाहून आजोबांनी कपाळाला हात लावला. हवालदार परत कागलला गेला. या खेपेला सासूबाई स्वतःच फळ घेऊन मागे बसून आल्या.

"पावणं, झाड बियाचं हाय. आणि नखसुदिक लावलं न्हाय की."

आजोबांनी भिंग लावून फळ फिरवून फिरवून पाहिलं आणि पसंत केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झावळ्यांच्या मांडवात दोघे भाऊ शेजारी उभे राहिले. थोरल्याला हुंदका आवरेना, तेव्हा धाकट्यानं शब्द सांगितले आणि त्यानं मागोमाग म्हटले. आम्ही बाहेर टोप्या सावरत उभे होतो, आणि खरं सांगतो, फार आनंद झाला. नोकरीत मी पुष्कळ माल जप्त केला. पण माणसाच्या हातातलं काढून घेतल्यावर त्याला सरळ वाट दाखवणं हेही आपलंच काम आहे, हे मला त्या मांडवापाशी कळलं.

निघताना थोरल्यानं माझा हात धरला.

"पुढच्या सणालाही येतो, साहेब. पण हात हलवत."