खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे पक्कं झालं, तेव्हा आमच्या काचीगुड्याच्या घरात एका मोटारसायकलचे त्याहून पुष्कळ जास्त तुकडे पडलेले होते. दोन्हींत माझा हात आहे असं आई म्हणायची. राज्याच्या बाबतीत माझा दोष एवढाच, की मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि कुठे जायचं असं सरकारने विचारल्यावर मी मुंबई राज्य लिहून दिलं. मराठवाडा तिकडे जाणार होता. मराठी माणूस, दुसरं काय लिहिणार? औरंगाबादला बदलीचा हुकूम कधीही येईल अशी परिस्थिती होती.

पण मी एकुलता एक. आईवडिलांना म्हातारपणी इथे ठेवून तिकडे जायचं, हे मला पटेना, म्हणून दोघांनी बरोबर यावं असा धोशा मी लावला. आई कुठेही यायला तयार होती. वडील मात्र हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. ते शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. जन्म हैदराबाद शहरातला, शिक्षण उर्दूत, रोजची बैठक बरकतपुऱ्यातल्या मित्रांकडे. विषय काढला की ते पानदान पुढे ओढायचे आणि सुपारी कातरत बसायचे. एकदा मी फारच मागे लागलो, तेव्हा अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "गाडी चालू कर. चालू झाली तर तिच्यावर बसून येतो औरंगाबादला."

ही थट्टा की अट, मला समजेना. गाडी म्हणजे महायुद्धाच्या आधीची विलायती मोटारसायकल. तिच्यावरून त्यांनी जिल्ह्यातल्या शाळा पालथ्या घातल्या होत्या. रझाकारांच्या धामधुमीत फिरणं बंद झालं, गाडी न्हाणीघरामागे गोणपाटाखाली गेली आणि तिथेच राहिली. त्यावर कोंबड्यादेखील बसून गेल्या. पण माझा स्वभाव असा, की कोणी आव्हान दिलं की आधी बाह्या सरसावायच्या आणि विचार मागाहून. दुसऱ्याच दिवशी मी पाना घेऊन बसलो.

पिस्टन गंजून सिलिंडरमध्ये अडकला होता. त्यात रॉकेल आणि एरंडेल ओतून ठेवलं, रोज लाकडाच्या ठोकळ्याने ठोकलं. सुटता सुटेना. सुटला तेव्हा मी ऑफिसातही कोणाकोणाला सांगत सुटलो. तिथे कोणाला ऐकायची फुरसत नव्हती. कोण आंध्रात, कोण म्हैसुरात, कोण मुंबईत, याचेच हिशेब चालले होते. कालपर्यंत एका डब्यातलं खाणारी माणसं एकमेकांकडे पाहुण्यासारखं बघत होती. घरी येऊन मी इंजिनापाशी बसलो की बरं वाटायचं. निदान त्याचा कुठला तुकडा कुठे जायचा, हे ठरलेलं होतं.

ते मला ठाऊक नव्हतं एवढंच. म्हणून जो भाग आधी काढला तो आधी, अशा ओळीने मी सगळं ओसरीवर मांडत गेलो. मीही उर्दूतच शिकलेला, त्यामुळे ओळ उजवीकडून सुरू केली होती. जोडताना डावीकडून उलटं यायचं, की झालं. वडील जाता-येता बघायचे, मान हलवायचे, बोलायचे नाहीत.

आणि मग खंडेनवमी आली.

ऑफिसातून परतलो तर ओसरी रिकामी. माजघरात पाटावर शिवणयंत्राचं डोकं, विळी, इस्त्री, आणि त्यांच्या पंगतीत माझं सगळं इंजिन. खंडेनवमीला घरातली अवजारं पुजायची, मग एवढं मोठं अवजार काळंकुट्ट कसं ठेवायचं, म्हणून आईने प्रत्येक तुकडा चिंच आणि राखेने घासला होता. कार्बोरेटर सोन्यासारखा लखलखत होता आणि त्याच्या तोंडात झेंडू होता. पिस्टनला हळदकुंकू. दातेरी चाकं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, फडताळातल्या वाट्यांसारखी लावलेली. इतकं सुंदर इंजिन मी पुन्हा पाहिलं नाही, आणि इतका संतापही मला पुन्हा कधी आला नाही. मी आईला नाही नाही ते बोललो. तिला माझ्या रागाचं कारणच उमगेना. वडिलांना विचारून घेतलं होतं, असं ती सांगत राहिली. वडील म्हणाले, "आता परेशान होऊन काय होणार? पूजा तर झाली."

दसऱ्यानंतर मी अंदाजाने जोडायला घेतलं. आश्चर्य म्हणजे वडील शेजारी येऊन बसले आणि चुकलो की बोटाने दाखवू लागले. हे नव्हे, ते आधी. त्यांना सगळं पाठ होतं. मग इतके दिवस गप्प का होते, ते मला उमजेना. इंजिन जमत आलं आणि एक तुकडा कमी पडला. क्रँकच्या दांड्यावर दातेरी चाक पक्कं धरणारी पोलादी चावी. चंद्रकोरीच्या आकाराची, नखाएवढी. ती नसली तर चाक दांड्यावर नुसतं घसरतं.

घर पालथं घातलं. राखेचा ढीग चाळला. निर्माल्याबरोबर मुसी नदीत गेली असणार, असा निकाल मी दिला. माझ्या हातून धुतलेलं कधी हरवत नाही, एवढंच आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. स्टेशनजवळच्या कारागिराने घासून एक नवी चावी करून दिली. पहिल्याच किकला ती कातरली गेली. दुसरी करायला टाकली आणि हुकूम आला.

मी वडिलांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, गाडी कुठे चालू झाली?

औरंगाबादवरून मनमाडकडे जाणारी आगगाडी काचीगुड्याहूनच सुटायची, त्यामुळे आईवडील चालतच स्टेशनवर आले. आईने दशम्या बांधून दिल्या. गार्डाची शिट्टी झाली तेव्हा वडिलांनी खिशातून पानाची पुडी काढून माझ्या हातात दिली. मी पान खात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पुडी जड लागली म्हणून तिथेच उघडली. आत ती चावी होती.

"पूजेच्या आधीच उचलली होती," ते म्हणाले. "मला तुला नाही म्हणता येत नव्हतं रे. हे शहर सोडून मी जगणार नाही."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणि दसऱ्यापासून बोलणी मी खातेय," ती म्हणाली.

रागावू की त्यांच्या गळ्यात पडू, मला कळेना, आणि तेवढ्यात डबा हलला. मी दारातून ओरडून विचारलं, की मग ही मला कशाला? ते डब्याबरोबर चार पावलं चालत आले. "येशील तेव्हा घेऊन ये," म्हणाले. "तुझ्याशिवाय गाडी चालू करायची नाही."

स्टेशन दिसेनासं झालं तरी मी चावी मुठीत धरून दारातच उभा होतो. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर चंद्रकोर उमटलेली होती आणि हाताला त्यांच्या पानदानातल्या काताचा वास येत होता.